मंजुळेची सवत

दर शुक्रवारी सकाळी नाना कामावर निघण्याआधी हौसाकाकू त्यांची पिशवी ओट्यावर उपडी करायच्या. धुतलेल्या खाकी कपड्यांची जोडी, पंचा, तंबाखूची चंची आणि भाकरीचं गाठोडं, एवढंच तिच्यातून निघायचं. तरी काकू पंचाची घडी मोडून बघायच्या, गाठोडं नाकाशी धरायच्या. भुईमुगाच्या शेंगा, रताळी, पिकलेला आंबा, पोळ्यातला मध यांपैकी काही लपवलेलं नाही ना, याची खात्री झाली की पिशवी पुन्हा भरून नानांच्या हातात द्यायच्या. "माज्या वावरातला कण तिच्या तोंडात जायचा न्हाई," हे वाक्य त्याबरोबर ठरलेलं. नाना म्हणायचे, "अगं, बाहेरचं खाणं तितं चालतच न्हाई. नियम हाय." त्यावर काकू म्हणायच्या, "त्यो तुमच्या सायबाचा नियम. ह्यो माजा."

आम्ही तेव्हा भरे गावात काकूंच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन नुकतेच राहायला आलो होतो. मी मूळचा परभणीकडचा. पिरंगुटच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो. भिंतीला भिंत असल्यामुळे हे बोलणं आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायचं. माझी बायको सुनंदा आणि मी, दोघांनी त्याचा एकच अर्थ काढला होता. पण मान वर करून कधी न बोलणाऱ्या नानांनी शहरात दुसरं बिऱ्हाड केलं असेल, हे काही पटत नव्हतं. शेवटी सुनंदाने धीर करून काकूंना विचारलं की ही बाई आहे तरी कोण. काकू तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "बाई न्हाई. अस्वल हाय."

काकूंना जाऊन आता दीड वर्ष झालं. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. हिशेबाच्या नोकरीने मला एक सवय लावली आहे: डोळ्यांनी पाहिलेलं आणि नुसतं ऐकलेलं मी एका रकान्यात टाकत नाही. तेव्हा जे ऐकलेलं आहे तिथे तसं सांगेन.

नाना शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या प्राणिसंग्रहालयात प्राणीरक्षक होते. सुरुवातीला त्यांच्याकडे पक्षी होते, मग माकडं, आणि नंतर अस्वलं आली ती कायमची. त्यांतली मंजुळा ही अस्वलीण पिल्लू असताना एका खेळवाल्याकडून सोडवून आणलेली. नाकात वेसण घातल्याची जखम होती, ती महिनाभर नानांनी धुतली, असं नाना सांगत. तेव्हापासून ती त्यांच्या हातची झाली. नानांना तिथेच आवारामागे राहायला खोली होती. आठवड्याची सुटी गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी ते शेवटच्या बसने गावी यायचे आणि शुक्रवारी सकाळी परत जायचे. लग्न झाल्यापासून काकूंचा संसार असा आठवड्यातून एका दिवसाचा. बाकीचे दिवस भाताची खाचरं, दोन म्हशी, दोन मुली आणि आजारी सासरा हे सगळं त्यांनी एकटीने ओढलं.

काकू उंच, हाडापेराने मोठ्या, चालताना जमीन वाजायची. कुंकू रुपयाएवढं. बोलणं तोडून टाकल्यासारखं, आणि बहुतेक वेळा त्या बोलण्याचं टोक मंजुळेकडे वळलेलं. सुनंदा एकदा केसांना मेंदी लावून बसली होती. काकू तिच्याकडे बघून म्हणाल्या, "लावा, लावा. आमच्या धाकटीला बगा, जन्मात कंगवा न्हाई लागला केसाला, तरी नवरा तिच्याकडंच." गावातल्या बायाही त्यांना डिवचायच्या. पाणवठ्यावर कुणी विचारायचं, हौसावयनी, धाकटी कशी आहे. काकू कळशी उचलता उचलता उत्तर द्यायच्या, "बरी हाय. तिला काय झालंय? तिला कुटं भात लावायचाय?"

हसण्यावारी नेण्यासारखं हे सगळं होतं, आणि गाव ते तसंच नेत असे. आम्हीही सुरुवातीला हसलो. पण शेजारी राहून माझ्या लक्षात आलं की काकू स्वतः कधी हसत नाहीत. वर्तमानपत्रात प्राणिसंग्रहालयाची बातमी आली आणि सोबत अस्वलाचं चित्र असलं, तर तो कागद त्या चुलीत घालायच्या, मग ते अस्वल दुसरं कुठलं का असेना. मोठ्या मुलीच्या लग्नाचा अल्बम त्यांनी आम्हाला दाखवला. एका फोटोत मुलीला हळद लागते आहे, बायांची दाटी आहे, आणि मध्ये थोडी जागा मोकळी आहे. त्या जागेवर बोट ठेवून काकू म्हणाल्या, "हे तुमचे नाना." मला काही दिसेना. "दिसत न्हाईत, कारन न्हाईतच. तिनं दोन दिस अन्न सोडलं हुतं, म्हून अक्षता पडायच्या टायमाला आले. जेवले, आनि गेले."

खरा सलणारा काटा हाच होता. नाना रजेवर गेले की मंजुळा खात नसे, किंवा निदान तसं नाना सांगत. त्यामुळे नाना रजा घेत नसत. एकदा जुलैमध्ये, ऐन लावणीत, काकू तापाने पडल्या. सुनंदा त्यांच्या उशाशी बसली होती. नानांना फोन केला तर ते म्हणाले की बुधवारी येतोच आहे. तो दिवस रविवार होता. काकूंनी ते ऐकलं, कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मी अस्वल हुयाला पायजे हुतं."

एका उरुसाला नानांच्या सोबत काम करणारे एक गृहस्थ जेवायला आले होते. मी त्या पंगतीत होतो, त्यामुळे हे पाहिलेल्याच्या रकान्यात. गप्पांच्या ओघात त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं की संध्याकाळी सगळ्या प्राण्यांना आतल्या खोलीत घ्यावं लागतं, कुणाला खाण्याचं आमिष लागतं, कुणाला काठीचा आवाज; पण नानांनी नुसतं "मंजुळाऽ" म्हणून हाळी दिली की ती कुठे असेल तिथून उठून आत येते. रोज. काकू रस्सा वाढत होत्या. त्यांचा हात तिथेच थांबला. परभणीकडच्या काय किंवा इकडच्या काय, त्या पिढीतल्या पुरुषाने बायकोला नावाने हाक मारायची रीत नव्हती. नाना "अगं" म्हणायचे, फार तर "ऐकलं का". पाहुणे गेल्यावर काकू भांडी घासायला बसल्या आणि कुणालाच न उद्देशून म्हणाल्या, "माजं नाव एकदा घेतलं. लग्नात, उखान्यात. तेबी बायांनी अडवलं म्हून."

नानांचा मात्र मला तेव्हाही थोडा हेवा वाटायचा. नाना दिसायला साधे, बोलायला साधे. पण त्यांच्यासाठी कुणीतरी एवढं जळत होतं. मी हे सुनंदाला एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मी कुणावर जळू? तुमच्या कॅल्क्युलेटरवर?"

नाना निवृत्त होणार त्या महिन्यात काकूंनी घर रंगवून घेतलं. मधल्या खोलीची खिडकी मोठी केली, न्हाणीत फरशी बसवली, नानांना गुडघ्याचा त्रास म्हणून उंच खाट करवून घेतली. नाना शाल-नारळ घेऊन आले तेव्हा टेम्पोतून त्यांची पत्र्याची ट्रंक काकूंनी स्वतः एका बाजूने धरून उतरवली. त्या रात्री काकूंच्या घरातून बोलण्याचा आवाज बराच वेळ येत होता. एवढं बोलायला त्यांच्याकडे काय आहे, असं आम्हाला नवल वाटलं आणि मग त्या नवलाचीच लाज वाटली.

आठ-दहा दिवस बरे गेले. मग नाना संध्याकाळ झाली की अस्वस्थ व्हायला लागले. ओट्यावर बसायचे, उठायचे, गोठ्यापर्यंत जाऊन यायचे. तिथल्या जुन्या सोबत्यांना फोन करायचे. एके दिवशी फोनवरून कळलं की नव्या माणसाच्या हातचं मंजुळा नीट खात नाही. नानांना तेवढंच पुरलं. त्यांनी ठरवलं की परत जायचं, पगाराशिवाय, तिथल्याच एका सोबत्याच्या खोलीत राहायचं. त्या सोबत्याने त्यांच्यासाठी खाट मोकळी ठेवतो म्हणून सांगितलं होतं. साहेबांचीही हरकत नव्हती. किती दिवस, असं मी विचारलं तर नाना म्हणाले, "ती हाय तवर. तिचंबी आता थोडंच ऱ्हायलंय."

काकू भांडतील असं आम्हाला वाटलं. दोन दिवस त्या म्हशींशीसुद्धा बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नाना पिशवी भरत असताना त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "आदी मला दावा तिला," म्हणाल्या. "मग जा."

हे सोपं नव्हतं. मुलींच्या शाळेच्या सहली तिथे गेल्या, गावच्या बाया गाडी करून गेल्या, पण काकूंनी त्या आवारात पाऊल ठेवलं नव्हतं. तिच्या दारात जाणार नाही, अशी त्यांची शपथच होती. मग काकू आमच्या दारात आल्या आणि मला म्हणाल्या की भाऊ, तुमची गाडी रविवारी रिकामी असती का.

रविवारी त्या निघाल्या ते मुलीच्या लग्नातलं जरीचं लुगडं नेसून. नाकात नथ, गळ्यात पुतळ्यांची माळ, केसांत अबोली. सुनंदा म्हणाली, "काकू, आपण प्राणी बघायला चाललोय."

"तुमी प्रानी बगा," काकू म्हणाल्या. "मी सवत बगाया चाललेय. तिच्याफुडं उनं दिसायचं न्हाई."

दारात पोहोचल्यावर नाना सवयीने कर्मचाऱ्यांच्या लहान फाटकाकडे वळले. तिथल्या रखवालदारानेही त्यांना सलाम करून वाट दिली. काकूंनी त्यांचा सदरा मागून धरला. "तिकडनं न्हाई. आता तुमी पावनं हायसा." नाना निमूट तिकिटाच्या रांगेत येऊन उभे राहिले. मला वाटतं, आपण इथे कामाला नाही हे नानांना खऱ्या अर्थाने त्या रांगेत कळलं.

आत रविवारची गर्दी होती. पोरं सर्पोद्यानाच्या काचांना नाकं लावून उभी होती, तळ्याकाठी लोक फोन उंच धरून कासवं शोधत होते. काकू कशाकडेच बघायचं नाही असं ठरवून आल्या होत्या, पण ते त्यांना जमेना. मगर बराच वेळ हलली नाही तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्या धाकल्या दिरागत हाय. ताट म्होरं आल्याबिगर उठायचा न्हाई." पांढऱ्या वाघापुढे तर माणसं माणसांच्या खांद्यावरून बघत होती. काकूंनी विचारलं, "हितं एवढी दाटी कशापायी? गोरा हाय म्हून?" शेजारचे दोन-तीन जण हसले. नाना हसले नाहीत. ते आमच्या चार पावलं पुढे होते आणि ते अंतर वाढतच चाललं होतं. पलीकडे हत्ती अंगावर पाणी उडवत होते, तिकडेही त्यांनी मान वळवली नाही. वाटेत त्यांनी एकदाच मागे वळून मला सांगितलं की आता ती पार वाळलेली दिसेल, कोपऱ्यात तोंड घालून बसलेली असेल, तेव्हा तुम्ही मनाची तयारी ठेवा.

अस्वलांची जागा कोपऱ्यात आहे. छातीइतकी भिंत, मग खोल खंदक, आणि पलीकडे मोठे दगड, पाण्याचा हौद आणि उंबराचं झाड. मंजुळा त्या झाडाखाली आडवी होती. काकू भिंतीशी आल्या, पदर सारखा केला, आणि पाहिलं. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. तोंडाभोवती पांढरे झालेले केस, पाठीवर विरळ पडलेली लव, नाकाच्या शेंड्यावर जुना वण. काकूंनी ते सगळं वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग नानांकडे वळून, फसवलं गेलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाल्या, "म्हातारी हाय की ही."

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगूनही त्यांच्या डोळ्यांपुढे जी होती तिचं वय वाढलं नव्हतं.

नानांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी भिंतीवर दोन्ही हात ठेवले आणि हलक्या आवाजात हाक मारली, "मंजुळा." तिने मान उचलली. नाक हवेत फिरवलं. मग उठली आणि डुलत डुलत खंदकाच्या कडेपर्यंत आली. काकू माझ्या बाजूला ताठ झाल्या. नाना मागे वळून आम्हा सगळ्यांकडे बघणार, बघा म्हणून सांगणार, इतक्यात आतल्या खोलीचं लोखंडी दार वाजलं आणि कुणीतरी खिरीच्या पत्र्याच्या भांड्यावर पळी आपटली. मंजुळा जागच्या जागी वळली आणि आमच्याकडे पाठ करून, तिच्या वयाच्या मानाने चांगलीच पळत, आत गेली.

थोड्या वेळाने नवा माणूस बाहेरच्या बाजूने येऊन नानांच्या पाया पडला. चाळिशीचा, हरणांकडून बदलून आलेला. त्याला वाटलं नाना काळजीपोटी आलेत, म्हणून त्याने आनंदाची बातमी दिली. पहिले चार-सहा दिवस तिने नखरे केले, पण आता सगळं खाते, भांडं वाजलं की दारात येऊन बसते. "तुम्ही बिनघोर राहा, नाना. परवा तर वाढायच्या आधी भांड्याला हात घातला तिनं."

नाना म्हणाले, "खीर पातळ करतूस तू."

तो म्हणाला, ठरल्याप्रमाणेच करतो.

"मग गूळ जास्त पडतूय. गूळ घालून कुनीबी बोलवावं, कुनीबी जाईल. त्यात काय हाय? तिला काय, आज ह्यो, उद्या त्यो." नानांचा आवाज बारीक झाला होता. "नखंबी वाढलीत तिची. कुनाचं ध्यान न्हाई. खायाला मिळालं की झालं."

तो बिचारा मान हलवत गेला. मी मात्र नानांकडे बघत राहिलो. हा सूर माझ्या ओळखीचा होता. भिंतीपलीकडून मी तो वर्षानुवर्षं ऐकला होता, फक्त दुसऱ्या गळ्यातून.

आता काकू बोलतील असं मला वाटलं. त्यांचा तो हक्क होता. जिच्यापायी हळदीची जागा रिकामी राहिली, तापात भिंतीकडे तोंड करून पडावं लागलं, ती नानांवाचून मजेत जेवत होती. इतक्या वर्षांचं उट्टं काढायला एकच वाक्य पुरलं असतं. काकूंनी नानांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. अगदी निरखून, जसं मघाशी मंजुळेकडे पाहिलं होतं. मग म्हणाल्या, "चला, सावलीला बसू."

तळ्याकाठच्या बागेत आम्ही एका झाडाखाली बसलो. सुनंदाने डबे उघडले. काकूंनी भाकऱ्या, वांग्याची भाजी आणि ठेचा आणला होता. त्यांनी सगळ्यांना वाढलं. नानांनी पानाला हात लावला नाही. भूक नाही म्हणाले. पलीकडे पोरं झोपाळ्यासाठी भांडत होती. नाना त्यांच्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलं हुतं, माज्याबिगर घास घेत न्हाई."

काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला. "तिच्यावर राग धरू नका," म्हणाल्या. "प्वाट कुनासाठी थांबतंय व्हय? मी काय इतकी वरसं उपाशी हुते? जेवतच हुते की."

एवढं बोलून त्यांनी तो तुकडा भाजीला लावला आणि खाल्ला. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि मी डब्याच्या झाकणाकडे. नाना काकूंकडे बघत होते. मी त्यांना शेजारी म्हणून कितीतरी गुरुवार पाहिलं होतं, पण ते काकूंकडे असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पान पुढे ओढलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या. काकूंनी तिसरी न विचारता वाढली.

निघताना काकूच म्हणाल्या की एकदा जाऊन भेटून या, आम्ही थांबतो. नाना उठले, अस्वलांच्या बाजूला थोडं चालून गेले, आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. ऊन फार झालंय, म्हणाले. गाडीत बसल्यावर त्यांनी सोबत्याला फोन लावला आणि खाट मोकळी ठेवू नकोस म्हणून सांगितलं. तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. नाना म्हणाले, "न्हाई रं, बरी हाय ती. खाती-पिती हाय."

मला वाटलं, काकूंनी जे मागितलं होतं ते त्यांना मिळालं; आता तरी त्यांचा जीव शांत होईल. बायपासला लागल्यावर मी आरशातून मागे पाहिलं. काकूंनी नथ काढून रुमालात बांधली होती आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"अवो," त्या नानांना म्हणाल्या, "त्या नव्या मानसाची बायकू कुटं असती?"

"गावाकडं. सोलापूरच्या फुडं कुटंतरी."

"एकलीच?"

"व्हय. एकलीच."

चांदणी चौक गेला, भूगाव गेलं. पिरंगुटचा घाट उतरताना काकू म्हणाल्या, "ज्वारीबी एकलीच काढत असंल."